शोध सुरू आहे

सीमापार पोलीस सहकार्याच्या एका प्रादेशिक निधीचे मूल्यमापन मैत्रेयीकडे होते. अहवालातल्या एका नोंदीपाशी ती थांबली. नोकरीच्या आमिषाने परदेशात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या तळावर डांबलेला क्षितिज. शोधार्थ दोन देशांच्या बावीस सौहार्दपूर्ण बैठका. इतक्या सौहार्दाने नेमके काय शोधतात, या कुतूहलापोटी ती क्लेमेंटी उपनगरातल्या फ्लॅटमध्ये त्याच्या आईकडे गेली.

"काकू, तो कुठे असेल, काही अंदाज?"

सुचित्राकाकूंनी मोबाइल पुढे केला. नकाशावर नदी होती, रस्ता होता, इमारतीवर लाल खूण होती. "दुसऱ्याच महिन्यात पाठवलं त्याने."

"आणि तुम्ही हे दाखवलं नाहीत कुणाला?"

"निघाले होते गं. निधीच्या कार्यालयातल्या बाईंनीच सावध केलं. हा निधी फक्त बेपत्ता माणसांसाठी आहे. ठिकाण कळलं, की नाव यादीतून जातं. सोडवून आणायची योजना वेगळी, ती अजून मंजूर व्हायचीय."

मैत्रेयीने वही उघडली. काकूंनी तिच्या पेनावर हात ठेवला.

"हे लिहू नकोस. आत्ता निदान कोणीतरी शोधतंय त्याला."