डेलियाचा माग

“धोट्याच्या भोकाला ओठ लाव आणि धागा ओढ. आकड्यानं काढत बसलीस तर मुकादम हाकलून देईल,” थोरली बहीण डेलिया डबा पोचवायला येणाऱ्या धाकट्या ओनोराला शिकवायची. मॅसॅच्युसेट्सच्या त्या कापडगिरणीत मागावर आडवा धागा नेणारा एकीचा धोटा दुसरीच्या तोंडी जाई, अन् खोकलाही. त्या खोकल्यानंच डेलिया गेली.

मूठमाती देऊन आई नि ओनोरा घरी येतात तोच मुकादम दारात. “घर गिरणीचं आहे, बाई. उद्या धाकटीला मागावर पाठवा, नाहीतर सामान बाहेर काढा.”

“एक गिळलीत, दुसरी देणार नाही!” आई कडाडली.

पण मरताना डेलियानं ओनोराकडून वचन घेतलं होतं, ‘आईला बेघर होऊ देऊ नकोस गं.’

सकाळी ओनोरानं शाल पांघरली. “चर्चमध्ये मेणबत्ती लावून येते,” आईला म्हणाली, आणि चर्चच्या दारावरून पुढे गिरणीच्या वाटेला लागली.