बर्फातले बगळे

"काही विचारलंच तर थंडी फार होती एवढंच म्हण," मंजुषा मॅडम जयश्रीच्या कानाशी पुटपुटल्या आणि पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला मंचाकडे लोटलं.

मंचावर तिचा फोटो टांगला होता. दाराएवढा मोठा. पांढऱ्याशुभ्र जमिनीवर दोन मोठे बगळे एकमेकांवर झेपावलेले. एकाचे पंख पूर्ण फाकलेले, दुसऱ्याची चोच त्याच्या मानेला भिडलेली. झटापटीत उडालेला पांढरा भुगा हवेत तसाच थांबलेला. खाली पाटी होती: 'बर्फातले बगळे, हिमालय'. शेजारच्या टेबलावर पहिल्या बक्षिसाचा कॅमेरा, अजून खोक्यात.

जयश्रीनं हिमालय पाहिला नव्हता. जव्हारच्या त्या भरलेल्या सभागृहात तो पाहिलेला माणूस एकच, मुंबईहून आलेले परीक्षक. फोटोत पांढरं दिसलं आणि ते त्यांना बर्फ वाटलं. पाटी त्यांच्याच सांगण्यावरून लागली.

ती जमीन जव्हारजवळच्या वांगणी गावची होती. जयश्रीच्या आईचा, हिरीचा, राब होता तो. पावसाआधी फांद्या, पालापाचोळा, शेण जमिनीवर पसरून जाळायचं आणि त्या राखेत नागलीचं बी टाकायचं, ही त्या डोंगरावरची रीत. राख वरून निवते, आत धगधगत राहते. होरपळलेले किडे वर येतात आणि त्यांच्यासाठी बगळे भांडतात. त्या दुपारी हिरी काठीनं राख सारखी करत होती आणि जयश्री बांधावर पालथी पडून फोटो काढत होती. ऊन असं रणरणतं होतं, की राखेचा करडा रंग फोटोत उरलाच नाही.

कॅमेरा तिचा नव्हता. ती जव्हारच्या एका फोटो स्टुडिओत दिवसभर लोकांचे पासपोर्टचे फोटो काढायची. मालक दुकान बंद असेल त्या दिवशी कॅमेरा वापरू द्यायचा, तोही तोंड वाकडं करून. टेबलावरचं ते खोकं घरी आलं असतं, तर कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ आली नसती.

सगळं ठाऊक असूनही मॅडमनी पाटी तशीच राहू दिली. त्या शाळेत शिकवायच्या, कार्यक्रम त्यांच्याच मंडळाचा, पण माहेर तिथल्याच डोंगरातल्या साखरशेत गावचं. सकाळी त्यांनी जयश्रीला बाजूला घेतलं होतं. "राब आहे हे मला बघताक्षणी कळलं गं. पण राब जाळणाऱ्याला बक्षीस कोण देतं? उलट जंगल जाळता म्हणून चार शब्द ऐकवतील. बर्फ तर बर्फ. कॅमेरा घे आणि घरी जा."

जयश्री 'बरं' म्हणाली होती.

आता खोकं तिच्या हातात होतं. वाटलं होतं त्यापेक्षा जड. परीक्षक फोटोपाशी गेले.

"आणि इथं बघा, कोपऱ्यात," ते लोकांना म्हणाले. "अनवाणी पावलं! एवढ्या बर्फात! कुणीतरी मोठा तपस्वी इथून गेलेला दिसतो. काय साधना असेल त्याची!"

टाळ्या पडल्या. जयश्रीनं समोर पाहिलं. शेवटच्या रांगेत हिरी बसली होती, चपला खुर्चीखाली काढून ठेवलेल्या. मान उंच करून तीही फोटोचा कोपरा बघत होती. सगळे वाजवतायत म्हणून तीही टाळ्या वाजवत होती. त्या तपस्व्यासाठी.

"किती थंडी होती हो तिथं?" परीक्षकांनी विचारलं.

'फार' हा शब्द जयश्रीच्या जिभेवर आला. तिथून तो पुढे सरकेना. तिनं खोकं टेबलावर परत ठेवलं.

"तपस्व्यालाच विचारा, सर. ती काय तिथं बसलीय." तिनं बोट दाखवलं. "आय, उभी राहा."

हिरी गडबडून उठली. "काय झालं गं?"

"तुझी पावलं उठलीत ना फोटोत, त्याचं साहेब विचारतात. थंडी किती होती?"

"थंडी?" हिरीला हसू फुटलं. "राबात कुठची रे थंडी, बाबा? पाय भाजलं माझं! अजून फोड हाय, दाखवू काय?"

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगांत शिक्षक होते, कचेऱ्यांतले कारकून होते, इस्त्रीचे शर्ट घातलेले. ते आपापल्या बुटांकडे बघू लागले. मॅडम मंचाखालून मान हलवत होत्या. नको, नको.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फोटोकडे पाहिलं, मग हिरीकडे. "हा बर्फ नाही?"

"नाही, सर. राख आहे. माझ्या आईच्या राबाची."

"पण इतक्या लोकांतून कुणीच कसं काही बोललं नाही?"

जयश्रीनं त्यांच्या हातातला माइक घेतला. 

"सांगते, सर. या सभागृहात ज्याचे पाय राबात कधीच पोळले नाहीत, त्यानं हात वर करावा."

पंखे फिरत राहिले. रांगांमागून रांगा नुसत्या बसून होत्या. मंजुषा मॅडमचा हात अर्धा उठला, पदराशी थबकला आणि खाली गेला.

मग एकच हात वर झाला. परीक्षकांचा.