हातभर अलीकडे

जाहिरातीच्या प्रत्येक टेकमध्ये अत्तराची बाटली धूसर येत होती आणि तिच्यापासून बरोबर हातभर अलीकडची टेबलाची कड मात्र लख्ख दिसत होती. यंत्रबाहूवरचा कॅमेरा चालवणाऱ्या धाकट्या बहिणीवर दिग्दर्शक दादाने सर्वांदेखत तोंडसुख घेतले. "तुझ्याच्याने होत नसेल तर सांग. उद्यापासून दुसरा माणूस आणतो."

तिने कॅमेऱ्यापासून बाटलीचे अंतर टेपने पुन्हा मोजले. सॉफ्टवेअरला दिलेला आकडा अचूक होता. मग शंकेला एकच जागा उरली. लेन्सची कडी किती फिरवली की फोकस किती अंतरावर पडतो, हे यंत्राला आधी शिकवावे लागते. ते काम सकाळी, "यंत्राला नजर मी देतो," म्हणत दादाने स्वतः केले होते.

"दादा, तेव्हा टेपचं टोक कुठे धरलं होतंस?"

"कुठे म्हणजे?" कॅमेऱ्यामागे उभ्या दादाने ऐटीत आपल्या डोळ्याखाली बोट टेकवले. "इथे. शॉट बघतो कोण, कॅमेरा की मी?"

तिने कॅमेऱ्यापासून त्या डोळ्यापर्यंत टेप धरली. बरोबर हातभर.

यंत्र निर्दोष होते. त्याला जगातले प्रत्येक अंतर दादापासून मोजायला शिकवले होते.