मिनिटं चार

सुई दुसऱ्यांदा हुकली तेव्हा पेशंट म्हणून पलंगावर पडलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही, टोचणाऱ्या पोरीच्या हाताकडे पाहिलं. बोटं थरथरत होती. ओठ कोरडे पडले होते.

"शेवटचं कधी खाल्लंस?"

"खाल्लंय, सर."

"काय?"

शिकाऊ डॉक्टरीण आठवू लागली. जे आठवावं लागतं ते आज खाल्लेलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सकाळी चहा ओतून घेतला होता."

"ओतून घेतलास. प्यायलीस का?"

ती ओशाळून हसली. "तो कुठेतरी राहिला."

कुठे राहिला तेही ते सांगू शकले असते. खिडकीच्या कठड्यावर, नाहीतर केसपेपरच्या गठ्ठ्याआड. वर बशी, बशीवर अर्धं बिस्कीट. याच इमारतीत त्यांनी असे किती चहा गार केले होते. औषध मोजायच्या पेल्यातून घेतलेला घोट, कोटाच्या खिशात चुरा झालेली बिस्किटं, जिना उतरता उतरता सोललेलं केळं. बसून जेवल्याची एक दुपार आठवत नव्हती, आणि उभ्याने गिळलेल्या त्या घासांची चव मात्र जिभेवरून जात नव्हती.

तेव्हा जोड्या असत. एकाने पडद्याआड खायचं, दुसऱ्याने पडद्याला पाठ लावून उभं राहायचं. कुणी रचलं होतं कोण जाणे, पण पाठ लावताना सगळेच म्हणत:

तू खा घास, मी राखतो दार,
मरण थांबेल मिनिटं चार.

मरण दरवेळी थांबायचंच असं नाही. पण मिनिटं मिळायची.

त्यांच्या जोडीला एक ज्युनिअर होता. चोचीने टिपल्यासारखं खायचा म्हणून त्याला सगळे चिमणा म्हणत. तो चिमणा आता इथला मोठा सर झाला होता. आज त्यांच्या ऑपरेशनची सुरीही तोच धरणार होता. काल तपासून गेला. रिपोर्ट पाहिले, पोट दाबलं, "उद्या तीन वाजता" म्हणाला. जुन्या दिवसांचा एक शब्द नाही. माणसं मोठी झाली की विसरतात, असं डॉक्टर रात्री भिंतीकडे तोंड करून स्वतःला समजावत राहिले.

पलंगाच्या पायथ्याशी पाटी लटकत होती: उपाशी. पाणीसुद्धा नाही. पित्ताशयाच्या खड्यांनी महिनाभर लोळवलं होतं, त्यात ऑपरेशन दोनदा पुढे गेलेलं. आणि उशाशी, स्वयंपाकघरातून चुकून आलेलं ताट. पाव, उकडलेलं अंडं, केळं.

"पडदा ओढ आणि ते खाऊन घे."

"सर, आत्ता राउंड येईल. मोठे सर—"

"आमच्याही वेळी मोठेच सर यायचे गं. छोटा सर कुणी पाहिलाय? बस त्या स्टुलावर. मी राखतो."

ती बसली. अंड्याचं कवच आवाज न करता कसं फोडायचं याचा विचार करत राहिली, मग कोटाच्या बाहीत गुंडाळून फोडलं. डॉक्टरांच्या रिकाम्या पोटात तो वास शिरला. त्यांना बरं वाटलं.

"काका, पडदा का ओढलाय?" बाहेरून सिस्टर.

"भांडं घेतलंय."

"मघाशीच तर घेतलं होतंत!"

"या वयात हप्त्याहप्त्याने होतं, सिस्टर."

पडद्याआड ठसका लागता लागता राहिला.

पावलं आली ती बरीच. पडदा सर्रकन बाजूला झाला. पोर उभी राहिली, एक हात पाठीमागे. सिस्टरची नजर गेली ती थेट ताटावर. पावाचा चुरा. अंड्याचं कवच.

"काका! खाल्लंत तुम्ही? स्वतः डॉक्टर असून? आता कसलं ऑपरेशन! आज रद्द."

रिकामं ताट आपल्याच नावावर पडणार, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जन्मभर दुसऱ्यांना उपाशी ठेवलं, आणि हे एवढं सुचू नये! सिस्टरच्या मागे मोठे सर उभे होते. पिकलेले केस, इस्त्रीचा कोट, चेहऱ्यावर काही नाही. पोरीचा चेहरा पांढरा पडलेला. तिचा इथला हा पहिलाच महिना. रुग्णाचं ताट खाल्लं म्हणून नाव झालं की वर्षभर पुसलं जाणार नाही.

"हो," डॉक्टर म्हणाले. "मोह झाला."

सरांनी मान डोलावली. सिस्टरने केसपेपरवर लिहायला पेन काढलं.

"सर खोटं बोलतायत." आवाज एवढासा होता, पण आला. "त्यांनी काही खाल्लं नाही. मी खाल्लं. ते राखत होते."

मोठ्या सरांनी कवचाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ म्हाताऱ्या डॉक्टरांकडे.

"किती मिनिटं मिळाली?" त्यांनी पोरीला विचारलं.

"सर?"

"खायला. किती मिळाली?"

"तीन... असतील."

"सिस्टर, ऑपरेशन तीनलाच."

पोरीच्या पाठीमागून अर्ध्या केळ्याची साल लोंबत होती. सरांनी ती पाहिली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा पुन्हा ओढला.

आतून डॉक्टरांना दिसलं, पडद्याच्या कापडावर एक पाठ टेकली. आता थोडी वाकलेली, पण कोपरं तशीच बाहेर काढलेली, कुणी घुसू नये म्हणून चिमणा तेव्हा काढायचा तशी.

"खा, पोरी," बाहेरून आवाज आला. "अजून एक मिनिट आहे."