भाताचा प्राथमिक अंदाज

“हा आकडा आत्ता बाहेर जाणार नाही,” हृषिकेश म्हणाला. त्याने लोणी लावलेल्या ब्रेत्सेल पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि तेच बोट सुमेधाच्या स्क्रीनवरच्या नकाशावर टेकवलं. काचेवर लोण्याचा डाग उमटला. तिला शिसारी आली.

नकाशा विषुववृत्ताजवळच्या एका चिमुकल्या बेटांच्या देशाचा होता. वादळात तिथल्या दक्षिणेकडच्या बेटावर समुद्र चढला होता. खाचरांत खारं पाणी साचून राहिलं होतं. उपग्रहाच्या चित्रात जिथं हिरवं दिसायला हवं, तिथं करडं दिसत होतं. जर्मनीत स्टुटगार्टमधली त्यांची कंपनी त्या देशाच्या कृषी खात्याला दरवर्षी भाताच्या पिकाचा अंदाज काढून द्यायची. खातं तो जाहीर करायचं आणि बाजार त्याच्याकडे बघून भाव ठरवायचा. वादळाआधी दिलेल्या प्राथमिक अंदाजात पीक उत्तम होतं. सुमेधाचा नवा आकडा सांगत होता की निम्मं पीक गेलं.

“दादा, जुना आकडा अजून त्यांच्या वेबसाइटवर आहे. लोक त्याच्या भरवशावर भात विकतायत.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच चूक परवडणार नाही. आल्झो, तर मग सगळं परत तपास. मग मी फ्रायगाबे देतो.”

फ्रायगाबे म्हणजे मंजुरी. साहेब म्हणून ती हृषिकेशच्या हातात होती; सुमेधा मात्र त्याला दादा म्हणायची. सुमेधाला ही नोकरी त्यानेच मिळवून दिली होती. तिच्या मुलीच्या, ओवीच्या जन्माच्या वेळी त्याची बायको ऊर्मिला हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून होती. सुमेधा कामाला लागली.

तिने परत तपासलं. आकडा तोच आला. हृषिकेशने ढगांची शंका काढली. तिने ढगाळ दिवसांची चित्रं वगळली. आकडा हलला नाही. मग त्याने मातीतल्या क्षाराची मोजणी मागवली. त्यासाठी कृषी खात्यातली तेरेसा गुडघाभर चिखलात उतरली. तिने फोटो पाठवले. काळ्या पडलेल्या रोपांमध्ये मासे मरून फुगले होते, त्यांच्यावर माशा घोंघावत होत्या.

“वास फोनमधून पाठवता येत नाही, हे तुझं नशीब,” तेरेसा म्हणाली. मग जरा घुटमळली. “माझा भाऊ उत्तरेकडच्या बेटावर भात करतो. तिकडचं पीक शाबूत आहे. व्यापारी त्याच्या दारात बसलेत. त्याला सांगू का, इतक्यात विकू नकोस म्हणून?”

“नको,” सुमेधा ठामपणे म्हणाली. “जाहीर होईपर्यंत आकडा कुणालाही सांगायचा नाही. घरच्यांनाही नाही.”

तेरेसाने ऐकलं.

आणखी काही दिवस गेले. मग एका सोमवारी हृषिकेश स्वतःहून सुमेधाच्या टेबलाशी आला. “दिली फ्रायगाबे. जिंकलीस तू,” तो हसून म्हणाला. एकही शंका नाही, एकही प्रश्न नाही. त्याच संध्याकाळी आकडा जाहीर झाला. उशिरा का होईना, खरं बाहेर आलं म्हणून सुमेधाला हायसं वाटलं. घरी जाताना तिने ओवीसाठी केक घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेरेसाचा फोन आला.

“भाव दुप्पट झालाय,” ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “आणि उत्तरेत विकायला भातच नाही. हँबुर्गच्या एका कंपनीने गेल्या काही दिवसांत सगळा उचलला. गोदामं त्यांची भरलीत. माझ्या भावाने स्वस्तात दिला, आता स्वतःच पिकवलेला भात तो दुप्पट भावाने विकत आणणार. तू म्हणालीस म्हणून मी सख्ख्या भावाला सांगितलं नाही, सुमेधा. मग त्या लोकांना कुणी सांगितलं?”

सुमेधाचे कान तापले. फोन हातात तसाच चालू ठेवून ती हृषिकेशच्या केबिनमध्ये घुसली.

“दादा, आकडा फुटलाय. आपल्यातल्याच कुणीतरी हँबुर्गला दिला. ही तेरेसा लाइनवर आहे, तुम्हीच बोला तिच्याशी.”

हृषिकेशने फोनकडे पाहिलं. मग तो उठला, दार लोटून घेतलं आणि सुमेधाच्या खांद्यावर हात ठेवला. एखाद्याचं सांत्वन करावं तशा मऊ आवाजात तो मराठीत बोलू लागला.

“फुटला-बिटला काही नाही गं. हँबुर्गवालेही आपलेच क्लायंट आहेत, त्या कृषी खात्यापेक्षा कितीतरी मोठे. तू आकडा दाखवलास, त्याच दुपारी मी त्यांना कळवला. खरेदीला त्यांना वेळ हवा होता, म्हणून तुला तपासत बसवलं. आकडा खराच होता तुझा. खोटा असता तर थांबवला कशाला असता? आता हिला इंग्रजीत सांग, आम्ही चौकशी करतो म्हणावं.”

सुमेधाने हातातल्या फोनकडे पाहिलं. चिखलात उतरलेली तेरेसा, ते फुगलेले मासे, आपण ऐटीत सांगितलेला नियम, सगळं या माणसाने विकून खाल्लं होतं. आणि त्याचा हात अजून तिच्या खांद्यावर होता.

“तुझ्या साहेबांचा आवाज फार मायाळू आहे,” फोनमधून तेरेसा म्हणाली. “काय म्हणाले ते?”

“सांग, सांग,” हृषिकेशने मान डोलावली.

सुमेधाने त्याचा हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला.

“तेरेसा, तुमच्या खात्याच्या सचिवांनाही लाइनवर घे,” ती इंग्रजीत म्हणाली. “साहेब मराठीत जे बोलले, ते मी तुम्हा दोघांना शब्दन् शब्द सांगणार आहे.”