नुसता बसवलेला नवरदेव

वेशीत हिंदुराव पाटील वरातीला आडवे आले, तशी हलगी थांबली.

"घोड्यावर कोण चढलंय?"

मुंडावळ्या बांधलेला रामहरी साऱ्या गावाला दिसत होता. विचारायचं कारण नव्हतं. पण पाटील निघाले की 'स्वारी निघाली', त्यांचा मुलगा लग्नात घोड्यावर 'बसला', आणि गावकुसाबाहेरचा माणूस मात्र 'चढला', हा हिशेब गावात पक्का होता.

"चढला न्हाय जी, बसवलाय," रामहरीचा बाप कोंडीबा वाकून म्हणाला. "नवरदेव म्हणून."

"तुमच्यात कवापासनं? उतरव. चालत जाऊ दे मांडवात."

घोडा सोलापूरच्या मौलाली टांगेवाल्याचा, लगामही त्याच्याच मुठीत. ऊन तापलेलं, अक्षतांची वेळ टळत आलेली. मौलाली वैतागला.

"अवो पाटील, स्वार कशाला म्हणताय ह्याला? ह्याला घोडं चालवायला येत न्हाय, थांबवायला येत न्हाय. टांग्यात पोतं ठेवतो की, तसा वर ठेवलाय. पोत्याला कुणी स्वार म्हणतं व्हय?"

गर्दीत कुणी हसलं. पाटलांच्याही मिशीखाली हसू आलं. पोत्याला अडवण्यात काही शोभा नव्हती.

"पोतं म्हणतोस?"

"पोतंच. भुशाचं."

"व्हय जी, पोतंच," कोंडीबानं घाईनं भर घातली. "गिरणीत कापड विणायचा साचा चालवतोय, तेवढंच येतंय त्याला."

पाटील जरा बाजूला झाले. घोडा जाईल एवढी वाट मोकळी झाली.

"न्या मग. पण मान खाली घालून बसू दे."

कोंडीबानं हात जोडले. मौलालीनं लगाम ओढला, तेवढ्यात वरून हात आला.

"चाचा, ते हिकडं द्या."

"काय?"

"लगाम."

"अरं बाबा, सुटलो की आपण. तुला येतंय का घोडं?"

"न्हाय," रामहरी म्हणाला. हात मागे घेतला नाही.

मौलालीनं कोंडीबाकडं पाहिलं. कोंडीबानं जमिनीकडं. पाटलांचं हसू विरलं होतं.

मौलालीनं एक उसासा टाकला, लगाम घोड्याच्या मानेवरून वर दिला आणि स्वतः बाजूला झाला.

"धर. टाच हळू मार. टांग्याबिगर हा कधी पळला न्हाय. कुटं थांबंल, मला बी ठावं न्हाय."