आधीच सुधारलेला

मासे वाढावेत म्हणून संस्थेने खाडी मासेमारीला बंद केली आणि दोघा भावांतल्या थोरल्याला तिथे पहारेकरी नेमलं. थोरल्याच्या शब्दाखातर धाकट्याने सगळ्यांच्या आधी आपली होडी मोडीत काढली. बाकीचे मात्र लपूनछपून जाळी टाकतच राहिले. शेवटी संस्थेलाच दया आली आणि नवा नियम निघाला. जो बंदी असलेल्या पाण्यात पकडला जाईल त्याला शिक्षा नाही. उलट नवं काम आणि मुलांचं शिक्षण, म्हणजे तो पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.

थोरला भावासाठी कार्यालयात गेला.

"तुमचे भाऊ तर आधीच सुधारलेत हो, दादा," तिथल्या बाई कळवळून म्हणाल्या.

"पण त्याच्या पोरीची शाळा सुटली, बाई."

"कळतंय मला. पण नियम सगळ्यांना सारखा. तुमचा भाऊ म्हणून वेगळा कसा लावू?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धाकटा मेव्हण्याची होडी घेऊन थेट पहाऱ्याच्या नावेसमोर आला आणि त्याने जाळं फेकलं.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"पकड की दादा! एरवी मोठा डोळ्यांत तेल घालून बसतोस."

"रिकाम्या जाळ्यावर पकडता येत नाही रे. आत मासा सापडावा लागतो."

दोघे भाऊ पाण्याकडे बघत बसले. ऊन कलायला आलं, तरी जाळं हललं नाही.



मासे राखायला नेमलेल्या थोरल्याने मग डोळे मिटले आणि हात जोडले, "देवा, मासेही तुझीच लेकरं आणि हाही तुझाच. पण आज एक तरी लागू दे रे."